मालगाडी का घसरली? कारण शोधताना या चुका टाळा

पावसाळ्यात कोकणात मालगाडी घसरली की तपासाआधीच निकाल लागतो. स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा येईपर्यंत दोन पार्ट्या पडलेल्या असतात, एक म्हणते दरड आणि दुसरी म्हणते ड्रायव्हरला झोप लागली. मी ट्रॅकवर बरीच वर्षं काढलीयत, आणि खरं सांगायचं तर साइटवर आलेल्या नव्या पोरांचीही हीच गत होते, फक्त त्यांच्या हातात मोजायची टेप असते.

आधी दरडीचं बघू. हे नाव पटकन तोंडात येतं यात लोकांचा दोष नाही. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ हॉलिडे स्पेशल घसरून पन्नासच्या आसपास माणसं गेली, पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा, 2021 ला करबुडे बोगद्यात राजधानी, सगळीकडे धोंडाच. पण धोंडा आधीपासून रुळावर असेल तर तो पहिला इंजिनाला लागणार ना? मग इंजिनाच्या कॅटल गार्डवर, म्हणजे पुढच्या लोखंडी जाळीवर, ठोकर दिसायलाच पाहिजे. इंजिन आणि पुढचे वीस डबे शाबूत, एकविसावा खाली, असं असेल तर दरड लिहायच्या आधी दोनदा बघा. गाडी जाताना मधेच कटिंग, म्हणजे लाइनसाठी डोंगर कापून केलेली बाजूची भिंत, कोसळलं असंही होतं, पण तेव्हा डब्याच्या कुशीला लाल माती आणि चिऱ्याचे ओरखडे असतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे जिथे डब्यांचा ढीग पडलाय तिथेच दिवसभर घुटमळणं. ढीग म्हणजे शेवट. चाक रुळावर चढतं ती जागा बरीच मागे असते, त्याला पॉइंट ऑफ माउंट म्हणतात. चाकाची कड म्हणजे फ्लँज रुळाच्या माथ्यावरून थोडं तिरकं धावतं, पलीकडे पडतं, आणि मग ते चाक रुळाखालचे स्लीपर फोडत कितीही लांब जातं, पुढे सांधा, म्हणजे रूळ बदलायची जागा, आला की सगळं एकावर एक. एकदा आम्ही अर्धा दिवस ढिगाशी घालवला आणि ती तिरकी रेघ एका जुन्या कीमनला, म्हणजे रोज लाइन चालत तपासणाऱ्याला, मागे सापडली, तो बिचारा आपला नेहमीसारखा चालत आला होता! रेघच नसेल आणि चाक सरळ दोन रुळांच्या आत पडलं असेल तर चाक चढलंच नाही, तिथे गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, फाकलंय का, रूळ किंवा चाक तुटलंय का ते बघायचं.

खुणा टिकत नाहीत ही आपल्याकडची मोठी अडचण. बरीचशी लाइन सिंगल, त्यामुळे क्रेन लवकर लावा, गाड्या सोडा, वरून फोनवर फोन. त्यात खारी हवा. तुटलेल्या रुळाचा ताजा भाग चकचकीत असतो आणि जुनी चीर काळपट, पण रात्रभर पाऊस खाल्ला की दोन्ही तांबूस. आधी फोटो, मग क्रेन.

माप घेताना मोकळा ट्रॅक मोजून मोकळे होऊ नका. चढलेल्या जागेपासून मागे 45 मीटर, दर 3 मीटरवर गेज आणि क्रॉस लेव्हल, म्हणजे दोन रुळांच्या उंचीतला फरक, घ्यायची, आणि जमेल तिथे वजन ठेवून. स्लीपरखाली पोकळी असेल तर नुसता रूळ छान लेव्हलला दिसतो, चाक आलं की खचतो. पावसात खडीत चिखल शिरला की हे हमखास.

आणि एकच गुन्हेगार शोधायचा हट्ट नको. रिकामी वॅगन असेल तर चाकावर दाब कमी, त्यात वळण, फ्लँज थोडं झिजलेलं, ट्रॅकला थोडा पीळ, प्रत्येक गोष्ट लिमिटच्या आत, पण बाजूचा रेटा दाबाच्या मानाने वाढला की चाक चढतंच. मग पीवे म्हणजे ट्रॅकवाले आणि कॅरेज अँड वॅगन म्हणजे डब्यांची देखभाल करणारे आपापला कागद दाखवून भांडत बसतात. भरलेल्या वॅगनचं लोडिंगही बघा, पण वॅगन पडतानाही माल सरकतो हे लक्षात ठेवून.

टकरीत तर चोर सोडून संन्याशाला सुळी. 17 जून 2024 ला पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर मागून आदळली, मालगाडीचा लोको पायलट गेला आणि त्याच दिवशी खापर त्याच्यावर. नंतर चौकशीत निघालं की ऑटोमॅटिक सिग्नल पहाटेपासून बंद होते, लाल सिग्नल ओलांडायचा कागद त्याला दिलेला होता पण स्पीडची नीट सूचना नव्हती. आणि 2 जून 2023 ला बालासोरला मालगाडी तर लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाइनवर, नुसती उभी होती, सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुकीने कोरोमंडल एक्सप्रेस तिच्यावर गेली.

म्हणून जबाब घ्यायच्या आधी स्टेशनचा डेटा लॉगर, म्हणजे सिग्नलच्या वेळांची नोंद ठेवणारं यंत्र, आणि इंजिनाच्या स्पीडोमीटरची मेमरी ताब्यात घ्या. पण दोघांची घड्याळं जुळतात असं धरून चालू नका. एखादा सिग्नल ओलांडल्याची वेळ दोन्हीकडे बघायची, फरक काढायचा, तो वहीत लिहायचा आणि मगच ब्रेक कधी लागला यावर बोलायचं. नाहीतर वीस सेकंदांच्या फरकाने ब्रेक धडकेनंतर लागल्यासारखा दिसतो आणि कोणाची तरी नोकरी जाते.