अंगकोरला जाण्यापूर्वी ठरवून ठेवायच्या गोष्टी

मुंबईहून बँकॉकमार्गे कंबोडियातील सिएम रीपला जाणाऱ्या प्रवाशाने अंगकोर वाटचा इतिहास अवश्य वाचावा. परंतु मंदिरांच्या पायऱ्यांपाशी पोस्टकार्डे आणि बांगड्या विकणारी मुले ‘वन डॉलर’ म्हणत मागे लागतील तेव्हा आपण काय करणार, हेही घर सोडण्यापूर्वीच ठरवावे. दादरच्या सिग्नलवर मुलांनी हात पसरल्यावर मनाची जी कोंडी होते, तीच तेथे पुन्हा समोर येते, आणि तेथे तर आपण श्रीमंत पाहुणे ठरतो. एक डॉलर म्हणजे कंबोडियाच्या चलनात सुमारे ४,००० रिएल. इतकी कमाई करून आणणाऱ्या मुलाला शाळेत धाडणे गरीब घराला जड जाते. म्हणूनच अंगकोरच्या व्यवस्थापनाने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या आचारसंहितेत मुलांकडून वस्तू घेऊ नयेत, त्यांना पैसे किंवा खाऊ देऊ नये, असे सांगितले आहे.

याहून अवघड प्रसंग दुधाच्या डब्याचा. कडेवर बाळ घेतलेली बाई पैसे नकोत, दुधाची पावडर घेऊन द्या, असे विनवून एका ठरावीक दुकानात नेते, आणि आपण निघून गेल्यावर तो डबा पुष्कळदा पुन्हा फळीवर जाऊन रक्कम वाटून घेतली जाते. तरीही बाळ खरोखरच उपाशी असू शकते, हे विसरू नये. तिच्यावर ओरडू नये, तिचे छायाचित्र काढू नये. हात जोडून नकार द्यावा, कारण हात जोडणे तेथेही आदराचेच मानतात. मन स्वस्थ बसू देत नसेल, तर लहान मुलांवर विनामूल्य उपचार करणाऱ्या कंथा बोफा रुग्णालयाच्या सिएम रीपमधील शाखेत देणगी द्यावी. तेथे रक्तदानही स्वीकारले जाते.

वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण देण्याची आपल्याकडची रीत चांगल्या भावनेतून आलेली आहे, पण ती तेथे नेऊ नये. कंबोडियातील अशा संस्थांत ठेवलेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पर्यटकांच्या देणग्यांमुळेच मुलांना घरापासून दूर ठेवण्यात काहींचा फायदा होतो. अशा संस्थेतून मुलांचा नाच पाहण्याचे निमंत्रण आले तरी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाड्याच्या दुचाकीसाठी पासपोर्ट तारण ठेवू नये. पासपोर्ट अधिनियम, १९६७ नुसार तो भारत सरकारची मालमत्ता आहे. दुकानदाराला छायाप्रत आणि रोख अनामत देऊ करावी, आणि तो ऐकत नसेल तर दुसरे दुकान गाठावे. पासपोर्ट हरवलाच, तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग नॉम पेन्ह येथील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. हे शहर सिएम रीपपासून सुमारे ३०० किलोमीटरवर असल्याने परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत.