भुंगेरा ओळखावा कसा, आणि हुमणीचे भुंगेरे धरावेत कधी

मराठीत ‘भुंगा’ हे नाव दोघांना मिळाले आहे. वाशाला गोल भोक पाडणारा, गुणगुणणारा काळा भुंगा हा मधमाशीच्या कुळातला. वळीव झाल्यावर संध्याकाळी दिव्यावर येऊन धडकणारा आणि उताणा पडून पाय झाडणारा तो भुंगेरा. हा लेख या दुसऱ्याबद्दल आहे, आणि त्यातही हुमणीच्या, म्हणजे उसाची मुळे खाणाऱ्या अळीच्या भुंगेऱ्याबद्दल. भुंगेऱ्यांच्या साडेतीन लाखांहून अधिक जातींची नोंद झाली आहे, म्हणजे नोंदलेल्या प्राण्यांच्या दर चार जातींमागे जवळपास एक. काजवा भुंगेराच, ज्वारीच्या कणगीतला सोंडाही भुंगेराच. म्हणून दिसला की चिरडला, असे करू नये.

सामान थोडेच लागते: दहापट मोठे दाखवणारे भिंग, झाकणाची पारदर्शक डबी आणि एक काडी. किडा काडीने डबीत घ्यावा, बोटाने नाही. जत, आटपाडी, माण, खटावकडे बाजरीच्या कणसांवर दिसणारे हिंगे अंगातून असा द्रव सोडतात की कातडीवर फोड येतात. पावसाळ्यात दिव्याखाली फिरणारा, मुंगीएवढा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा लांबट किडाही अंगावर चिरडू नये. तोही भुंगेराच आहे आणि चिरडला की कातडी भाजल्यासारखी होते. तो अंगावर बसला तर फुंकून उडवावा.

आधी पाठ बघा. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख टणक, ढालीसारखे असतात आणि पाठीच्या मधोमध सरळ रेघेत मिळतात. उडायचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. झुरळाचे पंख एकावर एक चढतात. ढेकणाच्या जातीच्या किड्यांच्या पाठीवर त्रिकोण दिसतो आणि पंखांची टोके फुलीसारखी एकमेकांवर येतात. सर्वात जास्त फसगत इथेच होते. शंका राहिली तर किडा उलटा करून तोंड पाहावे. ढेकणाच्या जातीला रस शोषणारी सुई असते, भुंगेऱ्याला चावणारे जबडे. वर सांगितलेल्या नारिंगी किड्याचे टणक पंख मात्र आखूड असतात आणि पोट उघडे राहते, त्यामुळे तो मुंगीसारखा वाटतो.

मग मिशा बघा. कूळ इथे कळते. टोकाला पंख्यासारखी उघडणारी पाने असतील तर हुमणीचा, शेणकिड्याचा किंवा नारळावरच्या गेंड्या भुंगेऱ्याचा गोतावळा. लांब सोंड आणि तिच्यावर कोपरासारख्या मोडलेल्या मिशा असतील तर सोंडा. मिशा अंगाएवढ्या किंवा त्याहून लांब असतील तर आंब्याच्या खोडात शिरणाऱ्या भिरुडाचे कूळ.

ढालकिड्याबाबत (लेडीबर्ड) एक सावधगिरी. चकचकीत, लाल-नारिंगी ढालकिडे मावा खातात, त्यांना राहू द्यावे. वांग्याच्या पानांची जाळी करणारा ढालकिडा त्यांच्याच कुळातला, पण त्याच्या अंगावर बारीक लव असते आणि चकाकी नसते.

अळी ओळखणे अवघड, पण सर्वात कामाचे. शेणखतातली प्रत्येक पांढरी, जाड अळी हुमणी नसते. ती सपाट पोत्यावर ठेवून थोडा वेळ थांबावे. उताणी होऊन पाठीवरच सरपटत निघाली तर ती फुलांवर बसणाऱ्या भुंगेऱ्याची, कुजलेले खाणारी. उसाला तिचे भय नाही. अंगठ्याएवढी जाड अळी बहुधा गेंड्या भुंगेऱ्याची असते. तीही कुजलेलेच खाते, पण तिचा भुंगेरा नारळाचा कोंब पोखरतो, म्हणून नारळ असतील तिथे ती वेचावी. हुमणी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळून कुशीवर पडते, डोके तपकिरी असते, आणि ती सापडते मुळांपाशी.

कराड, वाळवा, पलूसच्या उसाच्या पट्ट्यात माळावरची आणि नदीकाठची, अशी दोन तऱ्हेची हुमणी आढळते. उसाचे बेट पिवळे पडून वाळू लागले आणि हिसका दिल्यावर सहज उपटून आले, तर मुळे खाल्लेली असतात. तेव्हा वीतभर खणून अळी शोधावी. ऑगस्ट ते ऑक्टोबरमधली मोठी अळी सर्वात जास्त खाते आणि तोवर उपाय हातातून निसटत चाललेला असतो. तिची पिढी वर्षाला एकच. म्हणूनच खरा घाव मे-जूनमध्ये भुंगेऱ्यावर घालायचा. एक मादी जमिनीत साधारण 50 ते 60 अंडी घालते, म्हणजे अंडी घालण्याआधी धरलेली एक मादी पुढच्या कितीतरी अळ्या टाळते.

भुंगेरे धरण्याची रीत. पहिला दमदार वळीव पडून माती भिजली की त्याच संध्याकाळपासून लक्ष ठेवावे. अंधार पडताच, साडेसातच्या सुमारास, माळावरच्या हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. तिथेच पाला खातात, जुळतात आणि पहाटेआधी मातीत परततात. साडेसात ते नऊ ही खरी वेळ. झाडाखाली ताडपत्री पसरावी, बांबूच्या आकडीने फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे बादलीत टाकावेत. बादलीत 10 लिटर पाण्याला अर्धा लिटर रॉकेल असावे. रॉकेल नसेल तर धुण्याच्या साबणाचे दाट पाणी चालते. नुसत्या पाण्यात टाकले तर ते तरंगतात, कडेने चढतात आणि उडून जातात.

प्रकाश सापळा लावायचा तर दिव्याखाली प्लॅस्टिक अंथरलेला उथळ खड्डा करून त्यात हेच पाणी भरावे. दिवा नऊ-साडेनऊला बंद करावा. रात्रभर जळत ठेवला तर पुष्कळ उपयोगी किडेही मरतात.

एकट्याने आपल्या बांधावरची झाडे झोडपून भागत नाही, कारण शेजारच्या बाभळीवरचे भुंगेरे तुमच्या रानात अंडी घालतात. शिवारातली सगळी झाडे त्याच आठवड्यात झाली पाहिजेत, आणि तीही सलग चार-पाच वर्षे. पाऊस होऊन तीन आठवडे लोटल्यावर सुरुवात केली तर बरीच अंडी जमिनीत गेलेली असतात. ऊस तुटल्यावर खोडवा (त्याच बुडख्यांवर फुटणारे पुढचे पीक) ठेवायचा नसेल तर नांगरट दिवसाच करावी. मागून येणारे बगळे आणि साळुंक्या वर आलेल्या अळ्या वेचतात, म्हणून त्यांना हाकलू नये.