अमेरिकेत नागरी हक्कांचा दावा : फी माफीच्या अर्जात या चुका टाळा

दाव्याच्या मूल्यांकनानुसार कोर्ट फी स्टॅम्प लावण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला अमेरिकेतील फेडरल (केंद्रीय) जिल्हा न्यायालयाची रीत चमत्कारिक वाटते, कारण तेथे नुकसानभरपाईची मागणी कितीही असली तरी दावा दाखल करण्याची फी एकच आहे : ३५० डॉलर वैधानिक आणि ५५ डॉलर प्रशासकीय, असे ४०५ डॉलर. ते परवडत नसतील तर माफीचा अर्ज करता येतो.

पहिली चूक त्या अर्जातच होते. जोडीदाराच्या उत्पन्नाचा रकाना ‘ते माझे नाही’ म्हणून कोरा सोडला जातो. वास्तविक सविस्तर नमुन्यावर स्पष्ट सूचना असते की एकही जागा रिकामी ठेवू नये, उत्पन्न नसेल तर शून्य लिहावे. गावाकडच्या घराजमिनीतील आपला हिस्साही सांगावा, कारण गरिबीचे कथन खोटे ठरले तर न्यायालयाला दावा कोणत्याही टप्प्यावर काढून टाकावाच लागतो. याउलट, थोडी शिल्लक आहे म्हणून अर्जच न करणे हेही चुकीचे. वादी अगदी कफल्लक असण्याची गरज नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच सांगितले आहे.

कैद्यांची गोष्ट वेगळी आहे. १९९६ च्या कायद्यापासून त्यांना वैधानिक फी माफ होत नाही, फक्त हप्ते मिळतात. तुरुंगातील खात्याचा मागील सहा महिन्यांचा प्रमाणित उतारा अर्जाला जोडावा लागतो. सरासरी मासिक जमा किंवा सरासरी शिल्लक, यांपैकी जी अधिक तिच्या २० टक्के रक्कम आधी आणि नंतर दरमहा उत्पन्नाच्या २० टक्के, अशी ३५० डॉलरची वसुली होते. दोन दावे असतील तर ही कपात ४० टक्क्यांवर जाते, आणि दावा फेटाळला म्हणून उरलेली बाकी सुटत नाही. म्हणून कच्चा दावा घाईने दाखल करणे कैद्याला विशेष महागात पडते.

अर्ज मंजूर झाला की दावाही स्वीकारला गेला, असे समजू नये. न्यायाधीश दाव्यात कायदेशीर तथ्य आहे का हे तपासतात आणि नसेल तर तो फेटाळतात. समन्स मार्शल या सरकारी अधिकाऱ्यामार्फत बजावले जाते खरे, पण प्रतिवादीचे नाव आणि पत्ता वादीनेच अचूक पुरवायचा असतो.

नोकरीतील भेदभावाच्या प्रकरणात समान रोजगार संधी आयोगाचे दावा लावण्याची मुभा देणारे पत्र मिळाल्यापासून ९० दिवसांत दावा दाखल करावा लागतो. तेव्हा माफीच्या निकालाची वाट पाहत दावा हातात धरून बसू नये. दोन्ही कागद एकदमच लिपिकाकडे द्यावेत.