नव्या गावात वाचनगट जमवताना पुस्तक आधी वाचून येण्याची अट ठेवू नये

बदलीमुळे रत्नागिरीत नव्याने आलेल्या माणसाला ओळखी हव्या असतात. परंतु वाचनगटात कादंबरी वाचून येण्याची अट असली, की पुस्तक न मिळालेला किंवा अर्धेच वाचून झालेला सदस्य संकोचाने येणेच टाळतो. यावर सोपा उपाय म्हणजे बैठकीतच मोठ्याने वाचता येईल असा चार-पाच पानांचा मजकूर निवडणे.

१. आरंभ मालगुंडच्या केशवसुतांपासून करावा. त्यांचे निधन १९०५ साली झाले आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांच्या कवितांच्या झेरॉक्स प्रती निर्धास्तपणे वाटता येतात. मात्र नव्या आवृत्तीतील प्रस्तावना व टिपा त्यांत घेऊ नयेत.

२. कडवी आळीपाळीने वाचावीत. नवख्या सदस्याला पहिले कडवे देऊ नये, तिसरे-चौथे द्यावे, म्हणजे इतरांचे वाचन ऐकून त्याची भीड चेपते. ज्याला वाचायचे नसेल त्याने कागद शेजाऱ्याकडे द्यावा आणि कोणीही कारण विचारू नये.

३. उठण्यापूर्वी पुढची तारीख ठरवून प्रती काढून आणण्याचे काम नव्या सदस्यावरच सोपवावे. माझ्या मते हीच खरी युक्ती आहे, कारण काम अंगावर घेतलेला माणूस सहसा परत येतो.

पावसाळ्यात मांडवी किंवा भाट्याच्या किनाऱ्याचा मोह टाळून एसटी स्थानकाजवळची छपराखालची जागा घ्यावी, आणि पावस-जयगडकडे परतणाऱ्यांची शेवटची गाडी विचारून त्याआधी बैठक संपवावी.