नदीचा विसर्ग मोजण्याच्या कामात उतरायचे असेल तर

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी गाठली, असे जाहीर होते; सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. हे आकडे पातळीचे आहेत. त्या पातळीला नदीतून सेकंदाला किती पाणी वाहते, म्हणजे विसर्ग किती, हे निराळे मोजावे लागते आणि क्षेत्रीय जलवैज्ञानिकाच्या कामाचा कस तेथेच लागतो.

या कामाचा सरळ मार्ग स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेतून किंवा पदवीतून जातो. केंद्रीय जल आयोगात कनिष्ठ अभियंत्याची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून, तर वरिष्ठ सेवेची भरती संघ लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून होते. राज्याच्या जलसंपदा विभागात या विषयाचे काम प्रामुख्याने नाशिकच्या जलविज्ञान कार्यालयांकडून चालते. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असल्यास रुरकीच्या आयआयटीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. भूशास्त्राच्या पदवीधरांची ओढ बहुधा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे असते; तेथील काम मुख्यतः विहिरींचे आणि भूजलाचे, हे अर्ज भरण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

सरितामापन केंद्रावर, म्हणजे नदीची पातळी आणि विसर्ग मोजण्याच्या ठिकाणी, रुजू झाल्यावर पहिली शिकण्याची गोष्ट म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी उभी मोजपट्टी. तिचा शून्य बिंदू समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हे जवळच्या तलचिन्हावरून (उंची आधीच ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेवरून) दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासून घ्यावे, कारण पुरात वाहून आलेल्या ओंडक्याने पट्टी दोन सेंटिमीटर जरी सरकली तरी त्यानंतरची प्रत्येक नोंद तेवढीच चुकत जाते आणि वही पाहून ती चूक कोणाच्याही लक्षात येत नाही. पाणी हेलकावत असेल तर लाटेचा माथा आणि तळ दोन्ही वाचून सरासरी घ्यावी. पुलाच्या खांबाला पाणी आदळून चढते, म्हणून खांबाच्या तोंडाशी वाचलेली पातळी कधीही ग्राह्य धरू नये.

विसर्ग मोजण्यासाठी पात्राची रुंदी वीस-पंचवीस उभ्या पट्ट्यांत विभागतात आणि कोणत्याही एका पट्टीतून एकूण विसर्गाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी जाणार नाही, असे पाहतात. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ अंतरावर, खोल असेल तर ०.२ आणि ०.८ अशा दोन अंतरांवर करंट मीटर (प्रवाहाचा वेग मोजणारे उपकरण) धरून वेग घेतात. दुसऱ्या पद्धतीत दोन्ही वेगांची सरासरी काढतात. समजा एक पट्टी दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल आहे आणि तिथला सरासरी वेग सेकंदाला ०.६ मीटर भरला, तर तिचा विसर्ग १.८ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे ६४ क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद) झाला. सर्व पट्ट्यांची बेरीज म्हणजे नदीचा विसर्ग. आता ध्वनिलहरींनी वेग मोजणारी उपकरणे हे काम काही मिनिटांत करतात, पण माझ्या मते नव्या माणसाने निदान एक हंगाम मीटर हाताने चालवावा. नाहीतर यंत्राने दिलेला आकडा अशक्य असला तरी त्याला तो खटकत नाही.

रोज विसर्ग मोजणे शक्य नसते, म्हणून निरनिराळ्या पातळ्यांना मोजलेल्या विसर्गांवरून पातळी आणि विसर्ग यांचा वक्र आखतात आणि पुढे पातळीवरून विसर्ग काढतात. नवख्यांची सर्वाधिक फसगत या वक्रावर होते. पूर चढत असताना पाण्याचा उतार तीव्र असतो, त्यामुळे त्याच पातळीला विसर्ग अधिक भरतो. पूर ओसरताना तो कमी भरतो. पात्रात गाळ साचला किंवा तळ खरवडला गेला तरी वक्र बदलतो. पंचगंगेचे उदाहरण याहून बोलके आहे. नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा भरून वाहत असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे पसरतो. अशा वेळी मोजपट्टीवर पातळी चढत असते, विसर्ग मात्र वाढलेला नसतो, प्रसंगी घटलेलाही असतो. केवळ वक्रावरून विसर्ग काढणारा माणूस येथे मोठा आकडा लिहून मोकळा होतो. म्हणून संगमाजवळच्या केंद्रावर खालच्या बाजूची दुसरी मोजपट्टीही वाचावी, दोन्ही पातळ्यांतील फरक लिहावा आणि नोंदीपुढे 'फुगवटा' असा शेरा मारावा. २०१९ च्या महापुरात सांगलीला कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. एवढ्या पातळीला वक्र बहुधा प्रत्यक्ष मोजणीवर टेकलेला नसतो, तो पुढे वाढवलेला असतो, हेही अहवालात स्पष्ट लिहावे.

पाण्यात उतरून मोजणी करताना खोली मीटरमध्ये आणि वेग मीटर प्रतिसेकंदात घेऊन दोहोंचा गुणाकार करावा. तो एकच्या जवळ जात असेल तर उतरू नये, पुलावरून किंवा नदीवर ताणलेल्या तारेवरच्या पाळण्यातून मोजावे. जीवरक्षक जॅकेट घालण्याचा कंटाळा बरेच जुने कर्मचारी करतात. त्यांचे अनुकरण करू नये.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, वेळ आणि सही करावी, म्हणजे आधी काय वाचले होते तेही दिसत राहते.

नोकरी मिळण्याची वाट न पाहताही सराव करता येतो. पावसाळा सरल्यावर गावच्या ओढ्याचा सरळ, झुडपे नसलेला दहा-पंधरा मीटरचा टप्पा निवडावा, दोन ठिकाणी दोरी ताणून रुंदी आणि खोली मोजावी आणि वरच्या दोरीच्या थोडे आधी लाकडाचा तुकडा सोडून तो दोन दोऱ्यांमधले अंतर किती सेकंदांत कापतो ते पाहावे. प्रवाहाच्या मध्यावर आणि दोन्ही काठांकडे असे अनेक वेळा करून सरासरी वेग काढावा. पृष्ठभागाचा वेग आतल्या वेगापेक्षा जास्त असल्याने त्याला साधारण ०.८५ ने गुणून मग छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे रुंदी आणि सरासरी खोली यांच्या गुणाकाराने, गुणावे. आठवड्याने त्याच जागी पुन्हा मोजणी करून पातळी आणि विसर्ग आलेखावर मांडत गेले की आपला पहिला वक्र तयार होऊ लागतो.