कुऱ्हाडीचा सैल दांडा: माझा अनुभव

मिरगाआधी लाकडं फोडून पडवीत रचायची, ही आमच्या कोकणातल्या घरची दरवर्षीची घाई. यंदा ऐन कामात कुऱ्हाड दांड्यातून निसटली आणि अंगणात आई बसली होती तिच्यापासून हातभर अंतरावर पडली. माझे हातपायच गळाले.

चूक माझीच. सैल दांडा चार दिवसांपूर्वी रात्रभर पाण्यात ठेवला होता. लाकूड फुगून कुऱ्हाड घट्ट बसते खरी, पण भोकात दाबले गेलेले तंतू वाळल्यावर पहिल्याहून जास्त आकसतात.

भोकात अडकलेला जुन्या दांड्याचा तुकडा काढायला कुऱ्हाड चुलीत घालू नका, धारेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. मी तो पंच, म्हणजे जाड लोखंडी खिळा, लावून ठोकून काढला. नवा दांडा धामणीच्या लाकडाचा घेतला, सावलीत चांगला वाळलेला, रेषा टोकापर्यंत सरळ गेलेल्या. कुऱ्हाडीत बसणाऱ्या टोकाला करवतीने खाच पाडली. मग दांडा उभा, कुऱ्हाड खाली लोंबती, असा हवेत धरून वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके दिले. लोखंड जड, ते जागच्या जागी राहतं आणि दांडा त्यात उतरत जातो. दर ठोक्याला ते इंचाचा अंश वर सरकताना दिसतं. खाचेत बाभळीची सुकी पाचर मारली, वर जवसाच्या तेलाचे दोन हात.

काल ऐनाचा गाठाळ ओंडका फोडला. कुऱ्हाड केसभरही हलली नाही. तरी लाकडं फोडताना आता अंगणात कुणालाच बसू देत नाही.