दुसऱ्यांदा प्रोग्राम चढत नसेल तर चिप फेकू नका

ब्लू पिल या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर, म्हणजे त्यावरच्या एसटीएम32एफ103 चिपवर, पहिला प्रोग्राम सुरळीत चढतो, एलईडी लुकलुकतो आणि पुढच्या वेळी एसटी-लिंक (कॉम्प्युटरवरून चिपमध्ये प्रोग्राम चढवणारं उपकरण) ‘टार्गेट सापडत नाही’ म्हणून हात वर करतो. लोक वायरी बदलतात, ड्रायव्हर पुन्हा टाकतात. दोष बहुतेक वेळा तुमच्याच कोडमध्ये असतो. या चिपसाठी क्यूबएमएक्समध्ये (सुरुवातीचा कोड तयार करून देणारं सॉफ्टवेअर) डिबग पर्याय निवडायचा राहिला, तर तयार होणारा कोड सुरू होताच पीए13 आणि पीए14 या पिनांवरचं डिबगिंग, म्हणजे बाहेरून चिपशी बोलण्याची सोय, बंद करून टाकतो. एसटी-लिंक बोलतो ते नेमकं याच दोन पिनांवरून!

सुटका सोपी आहे. बोर्डवरचा बूट-झिरोचा जंपर (चिपने कुठला कोड चालवायचा ते ठरवणारी सरकती टोपी) 1 वर सरकवा आणि रिसेट दाबा. आता चिप तुमचा कोड न चालवता आतला बूटलोडर (चिपमध्ये आधीपासून असलेला छोटा प्रोग्राम) चालवते, त्यामुळे क्यूबप्रोग्रामर या प्रोग्राम चढवायच्या सॉफ्टवेअरमधून ती लगेच जोडली जाते. फ्लॅश, म्हणजे तुमचा कोड साठवणारी मेमरी, पुसा, जंपर परत 0 वर आणा.

जंपरला हात लावायचा नसेल तर क्यूबप्रोग्रामरमध्ये ‘कनेक्ट अंडर रिसेट’ निवडा. त्यासाठी रिसेटची वायर मात्र जोडलेली हवी. स्वस्तातल्या नकली एसटी-लिंकची रिसेट पिन इथे बऱ्याचदा कुचकामी ठरते. अशा वेळी बोर्डवरचं रिसेटचं बटण दाबून धरायचं, कनेक्टवर क्लिक करायचं आणि त्याच क्षणी बटण सोडायचं. टायमिंग जमायला दोन-चार वेळा लागतात, म्हणून मला जंपरचीच वाट बरी वाटते.

नवा कोड चढवण्याआधी क्यूबएमएक्समध्ये ‘सिस्टिम कोअर’खालच्या ‘सिस’मध्ये जाऊन डिबगसमोर ‘सीरियल वायर’ निवडा. नाहीतर पुन्हा येरे माझ्या मागल्या.